अंशतः भावजी आणि तलाव क्रमांक एकशे सतरा

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भावजींना, काही विचारायचं झालं तर माणसाने आधी दोनदा विचार करावा. उत्तर मिळत नाही अशातला भाग नाही. उत्तर ताबडतोब मिळतं, फक्त ते ऐकल्यावर आपण नेमकं काय विचारलं होतं हेच आठवेनासं होतं. माझं शिवणकामाचं दुकान त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर आहे. सकाळी ते जिना उतरून आले की मी मशीन थांबवून विचारते, "भावजी, चहा झाला का?" ते चपलेत पाय सरकवत म्हणतात, "अंशतः." म्हणजे अर्धा कप घेतला आणि अर्धा टेबलावर ठेवून निघाले, हा अर्थ मी लावायचा. एकदा ताई तापाने फणफणली होती. मी घाबरून विचारलं, "आता कशी आहे ती?" तर म्हणाले, "सुधारणा प्रगतिपथावर आहे." अशा वेळी माझ्या हातात कात्री नसलेली बरी.

यात त्यांचा तरी किती दोष म्हणायचा? गेली अठ्ठावीस वर्षं ते मत्स्यव्यवसाय खात्यात एकच काम करत आले. सभागृहात आमदार सरकारला प्रश्न विचारतात आणि मंत्री उठून उत्तर वाचतात, हे सगळ्यांना माहीत असतं. ते उत्तर मंत्री लिहीत नाहीत, हेही बऱ्याच जणांना माहीत असतं. ते आमचे भावजी लिहितात, हे मात्र फक्त त्या ऑफिसातल्या तिसऱ्या मजल्याला माहीत आहे. दोन लोखंडी कपाटांच्या मधल्या बोळात त्यांचं टेबल आहे. तिथे बसून ते राज्यातल्या प्रत्येक तळ्याबद्दल उत्तर देतात, आणि त्यासाठी एकही तळं त्यांनी कधी जाऊन पाहिलेलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. ते म्हणाले, "शेळ्यांचं खातं वेगळं आहे."

ऑफिसातल्या गोष्टी मला कशा कळल्या, असं कोणी विचारेल. त्यांच्या शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट माझं गिऱ्हाईक आहे. ती माप द्यायला म्हणून येते आणि तासभर बोलून जाते. माप द्यायचं तेवढं राहून जातं. तेव्हा ऑफिसातलं जे सांगते आहे ते तिच्या तोंडचं, आणि घरातलं माझ्या डोळ्यांदेखतचं.

आमदारांचा प्रश्न ठरावीक साच्यात येतो. अमुक अमुक झाले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने काय कार्यवाही केली वा करीत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय? उत्तराचाही साचा ठरलेला. पहिल्याला "हे खरे नाही" म्हटलं की पुढच्या सगळ्यांना "प्रश्न उद्भवत नाही" लिहून मोकळं होता येतं. अगदीच अंगाशी आलं तर "अंशतः खरे आहे." या शेवटच्या वाक्यावर भावजींचा इतका हात बसला होता की अख्खं खातं त्यांना मागे "अंशतः" आणि तोंडावर "अंशतःसाहेब" म्हणायचं. त्यांनाही ते आवडायचं, असा माझा वहीम आहे.

भावजींचं एक तत्त्व होतं. उत्तर असं हवं की ऐकणाऱ्याला पुढचा प्रश्न सुचताच कामा नये. मंत्र्यांचं वाचून झालं की आमदार उठून जे उलटे प्रश्न विचारतात, त्यांना पुरवणी प्रश्न म्हणतात. भावजी पालीला घाबरतात, म्हणजे पाल दिसली की खुर्चीवर चढून ताईला हाका मारतात. पण पुरवणी प्रश्नाला ते पालीहून जास्त घाबरतात. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या एकाही उत्तरावर पुरवणी प्रश्न आलेला नव्हता. निवृत्तीला चार महिने उरले होते. निरोपाच्या भाषणात साहेबांनी एवढं एक वाक्य बोलावं, बाकी हारतुरे नसले तरी चालतील, असं ते ताईला म्हणाले होते.

आता आमच्या दादाबद्दल सांगायला हवं. दादा आम्हा दोघी बहिणींचा थोरला भाऊ. माहेर बसने दोन तासांवर, एका मोठ्या तळ्याच्या काठी. तिथली बेचाळीस घरं त्या तळ्यातल्या मासेमारीवर जगायची आणि दादा त्यांच्या संस्थेचा अध्यक्ष. ताईचं लग्न झालं तेव्हापासून दर शनिवारी तो बसच्या कंडक्टरबरोबर अल्युमिनियमचा एक डबा पाठवायचा. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेले ताजे मासे. भावजी शनिवारी ऑफिसातून सरळ बसथांब्यावर जायचे आणि डबा पोटाशी धरून घरी यायचे. त्या दिवशी "कसे झालेत?" असं विचारलं तरी ते अंशतः म्हणत नसत, कारण तोंड रिकामं नसायचं.

नऊ वर्षांपूर्वी डबा यायचा बंद झाला. ताईने फोन केला की दादा म्हणायचा, "हल्ली मिळत नाहीत गं, तळं आटलंय." आम्ही दोघी माहेरी जायचो, तळ्याची दशा पाहायचो आणि घरी येऊन सांगायचो. भावजींना ते पटायचं नाही. त्यांनी स्वतःच एक कारण शोधून काढलं होतं. दादाच्या मुलीच्या लग्नात दादाने हात जोडून त्यांना विचारलं होतं, "जेवण आवडलं का?" आणि भावजी सवयीने म्हणून गेले होते, "अंशतः." तेव्हापासून दादा रुसलाय आणि म्हणून डबा बंद केलाय, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं. लाजेने ते तिकडे जाईनासे झाले. "तळं काय, उन्हाळ्यात आटायचंच," ते म्हणायचे. "पण तळ्यात मासेच नाहीत असं कुठे असतं? आमच्या कागदावर राज्यात एकही तळं बिनमाशांचं नाही."

मग एके दिवशी सकाळी दादा माझ्या दुकानात येऊन उभा राहिला. दादा शहरात येतो तो कोणी आजारी असलं तरच. मी स्टूल पुढे केलं, पण तो बसला नाही. त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्यासमोर धरला. मत्स्यव्यवसाय खात्याची नोटीस होती. तलाव क्रमांक एकशे सतरामध्ये गेल्या नऊ वर्षांत अठरा लाख मत्स्यबीज सोडण्यात आले. मत्स्यबीज म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, ती सोडायची, वाढवायची आणि मग पकडायची. पण संस्थेने एकही मासा पकडल्याची नोंद नाही. तरी सदर मासे कोठे गेले याचा खुलासा करावा, अन्यथा संस्था रद्द करून अध्यक्षांविरुद्ध चोरीचा गुन्हा दाखल करण्यात येईल.

"अठरा लाख मासे मी चोरले म्हणे," दादा म्हणाला. "चोरले तर चोरले. पण ठेवले कुठे, तेवढं तुझ्या भावजींना विचार. मलाही बघायचेत."

तो हसत होता, पण कागदाच्या घड्या पुन्हा पुन्हा घालत आणि उलगडत होता. साठ वर्षांत त्याच्यावर कोणी चोरीचा आळ घेतला नव्हता. त्याने जाऊन आपल्या भागातल्या आमदार बाईंची भेट घेतली होती. बाई पहिल्यांदाच निवडून आलेल्या, आधी शाळेत शिकवायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तळं कोरडं असताना चोरीची नोटीस काढली हे खरे आहे काय, असा प्रश्न सभागृहात टाकला. तो आठ दिवसांनी येणार होता. मंत्री "हे खरे नाही" म्हणाले की तळं सरकारी रीतीने भरलेलं ठरणार, आणि तळं भरलेलं ठरलं की दादा चोर ठरणार. मधे दुसरी वाटच नव्हती.

संध्याकाळी ताईने नोटीस भावजींच्या ताटाशेजारी ठेवली. मी तिथेच होते. भावजींनी चष्मा चढवून ती वाचली आणि एका जागी थांबले.

"एकशे सतरा," ते म्हणाले. "हा क्रमांक माझ्या चांगला ओळखीचा आहे."

"असेलच," ताई म्हणाली. "तुमची सासुरवाडी आहे ती."

झालं होतं ते असं. फार पूर्वी कोणा हुशार साहेबाने सगळ्या तळ्यांना क्रमांक दिले. कुठला क्रमांक कुठल्या गावाचा, ही यादी कपाटाच्या मागे पडली आणि तिथेच राहिली. भावजी नऊ वर्षं एकशे सतरा क्रमांकाच्या तळ्याबद्दल उत्तरं देत होते आणि ते दादाचं तळं आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता. दादाचा प्रश्नही त्यांच्याच टेबलावर येऊन पडलेला होता.

"मग काय उत्तर देणार?" ताईने विचारलं.

भावजी सवयीचे गुलाम. ते म्हणाले, "हे खरे नाही."

"माझा भाऊ खोटं बोलतो?"

"तसं नव्हे. दादांचं म्हणणं अंशतः..."

ताई उठली. तिने त्यांच्यासमोरचं ताट उचललं नाही, त्यांना बोलली नाही, पाण्याचा तांब्या तेवढा आपल्या बाजूला सरकवला. त्या क्षणापासून तिने त्यांच्याशी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवर एक कागद चिकटवलेला होता, ताईच्या टपोऱ्या अक्षरात:

(१) कुटुंबप्रमुखांच्या सख्ख्या मेहुण्याला चोर ठरविण्यात येत आहे, हे खरे आहे काय?
(२) असल्यास, कुटुंबप्रमुखांनी त्याबाबत काय कार्यवाही केली वा करीत आहेत?
(३) नसल्यास, विलंबाची कारणे काय?

भावजींनी तो कागद तीनदा वाचला. साचा अगदी बिनचूक होता. इतकी वर्षं ही बाई आपल्या फायलींवरची धूळ झटकता झटकता त्या वाचतही होती, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि खाली लिहिलं, "माहिती गोळा करण्यात येत आहे."

तिसऱ्या दिवशी त्याच्याखाली ताईचं अक्षर: "किती दिवसांत?"

अठ्ठावीस वर्षांत भावजींना आलेला हा पहिला पुरवणी प्रश्न. मी दूध मागायला वर गेले होते. ते फ्रिजसमोर उभे होते, आणि चेहरा असा की जणू फ्रिजवर पाल होती. मला हसू आवरेना. मग ते वळून म्हणाले, "मेहुणीबाई, रविवारी पहिली बस किती वाजता असते?" आणि माझं हसू थांबलं.

रविवारी आम्ही दोघे गेलो. ताई आली नाही. प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर शोधायला जायचं नसतं, असं ती भिंतीकडे बघून म्हणाली. दादा काठावर उभा होता. नऊ वर्षांनी बहिणीचा नवरा दारी आलेला, त्याला काय करू नि काय नको झालं होतं. भावजी काठावर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागले, कारण तळ्यात उतरायचं तर बूट काढायचे, एवढं ज्ञान त्यांना होतं.

"राहू द्या जावईबापू," दादा म्हणाला. "बुटांना काही होत नाही."

खरोखरच काही झालं नाही. आम्ही तळ्यात चालत गेलो, चांगली दहा मिनिटं चालत गेलो. पायांखाली भेगा पडलेला गाळ, फरशीसारखा टणक. मधोमध पोरांनी चेंडू खेळायला दोन दगड मांडले होते. दादाने एका जागी पाय आपटला आणि सांगितलं, इथे तीन पुरुष खोल पाणी असायचं. वरून येणाऱ्या ओढ्याने गाळ आणून आणून तळं भरून टाकलं होतं. पावसाचं पाणी दोन महिने जेमतेम टिकायचं, मग ऊन ते पिऊन टाकायचं. काठावर सात होड्या पालथ्या पडलेल्या. दादाच्या ओसरीवर जाळी टांगलेली होती, धुतलेली, नीट विणलेली, आणि त्यांच्यात कोळ्यांनी आपापली जाळी बांधलेली.

जाळ्यांशेजारच्या खुंटीवर तो डबा होता. घासून लख्ख.

"पाठवायचा होता हो," दादा म्हणाला. "दर शनिवारी मनात यायचं. पण आत काय घालू? बहिणीच्या घरी रिकामा डबा कसा पाठवणार?"

भावजींनी डबा खुंटीवरून काढून पोटाशी धरला. मग म्हणाले, "मला वाटलं, त्या जेवणावरून तुम्ही रुसलात."

"कुठलं जेवण?" दादाने विचारलं.

त्याला काहीच आठवत नव्हतं. नऊ वर्षं एक माणूस एका रुसव्याला घाबरून इकडे यायचा राहिला आणि तो रुसवा कधी नव्हताच. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला. मी तो सगळा राग वाटेत भेटलेल्या क्षेत्र अधिकाऱ्यावर काढला.

हा अधिकारी त्याच गावात राहायचा. किडकिडीत, विनयशील, बोलताना सारखा हात चोळणारा. तळ्यांची पाहणी करून दरवर्षी अहवाल पाठवायचा, हे त्याचं काम. मी म्हटलं, "तुमच्या घराच्या खिडकीतून तळं दिसतं, आणि तुम्ही अहवालात ते भरलेलं लिहिता?"

"मी कोण लिहिणारा, बाई?" तो म्हणाला. "सभागृहात मंत्र्यांनी सांगितलं, तळं भरलेलं आहे. ते उत्तर छापून आमच्याकडे येतं. मंत्र्यांच्या विरुद्ध मी कसा लिहिणार? मी उत्तर बघतो आणि तसंच उतरवतो."

भावजींचा आवाज अगदी बारीक झाला. "आणि मी तुमचा अहवाल बघून उत्तर लिहितो."

एकाने दुसऱ्याचं बघून आणि दुसऱ्याने पहिल्याचं बघून, फक्त साल तेवढं बदलून, दोघांनी मिळून नऊ वर्षं त्या कोरड्या तळ्यात मासे वाढवले होते. "पण मत्स्यबीजाचं काय?" भावजींनी विचारलं. "ते तर खरंच विकत घेतलं जातं." तेही खरंच यायचं, अधिकाऱ्याने सांगितलं. टँकरचा ड्रायव्हर तळ्यापर्यंत येऊन बघायचा, पाणी नाही म्हणून परत फिरायचा आणि जाता जाता नदीच्या पुलावरून सगळं खाली सोडून द्यायचा. पिल्लं मरायला नकोत, एवढाच त्याचा हेतू. सरकारी खर्चातून भलं झालं ते नदीतल्या माशांचं.

सोमवारी भावजींनी दोन्ही लोखंडी कपाटं भिंतीपासून ओढली. टायपिस्ट सांगते, यादी निघाली, आणि यादीबरोबर एकशे सतराची जुनी फाईलही निघाली. तळ्यातला गाळ काढायला सरकारने नऊ वर्षांपूर्वीच मंजुरी दिली होती. दरवर्षी त्यासाठी निधी ठेवला जायचा आणि दरवर्षी तो न वापरता परत जायचा. पाणी खात्याने लिहिलं होतं, तळ्यात मासे आहेत, ते आधी काढून द्या, मग आम्ही खोदतो. मत्स्यव्यवसाय खात्याने कळवलं होतं, मासे भरपूर आहेत, काढायला वेळ लागेल. त्या पत्राखाली मसुदा करणाऱ्याची सही होती. भावजींची. नसलेल्या माशांनी नऊ वर्षं गाळाची राखण केली होती, आणि त्या माशांना जन्म देणारे हेच.

त्यांनी समोरच्या बाकी फायली बाजूला सारल्या आणि उत्तर लिहिलं. टायपिस्टने ते टाइप करायला घेतलं आणि थबकली. "साहेब," ती म्हणाली, "पहिल्या ओळीत 'नाही' लिहायचं राहिलं का?"

"काही राहिलेलं नाही," भावजी म्हणाले. "आहे तसं टाइप करा."

तिथून कागद सात टेबलांवर फिरतो. सात जण तो वाचतात, दुरुस्त करतात आणि सही करतात, असा नियम आहे. पण अंशतःसाहेबांचं उत्तर वाचायचं असतं असं कोणाला वाटतच नसे. अठ्ठावीस वर्षांत ज्याच्या उत्तराला पुरवणी प्रश्न आला नाही, त्याचं काय वाचायचं? पहिल्याने खालची सही पाहून सही केली, दुसऱ्याने पहिल्याची पाहून, आणि असं करत कागद मंत्र्यांच्या हातात पोचला. त्यांनीही तो उठून उभं राहिल्यावरच पाहिला.

ताई आणि मी सभागृहाच्या वरच्या सज्जात बसलो होतो. दादाही आमच्याजवळ होता, इस्त्रीचा सदरा घालून, गुन्हेगाराला आणून बसवावं तसा अवघडून. खाली आमदार बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात कागदांची चळत होती आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत तळ्याचा वाळलेला गाळ. मंत्री "हे खरे नाही" म्हणाले की तो टेबलावर ओतायचा त्यांचा बेत आहे, असं दादाने कानात सांगितलं.

मंत्र्यांनी घसा खाकरला आणि वाचलं, "एक. हे खरे आहे."

ते थांबले. त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं. समोर सगळं सभागृह बघत होतं, तेव्हा पुढे वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"दोन. हे खरे आहे. तलाव क्रमांक एकशे सतरा नऊ वर्षे कोरडा आहे. त्यात एकही मासा नाही. सबब तो कोणी चोरल्याचा प्रश्न उद्भवत नाही."

ताईने माझं मनगट असं आवळलं की बांगडीचा वळ दोन दिवस होता.

"तीन. गाळ काढण्यास नऊ वर्षांपूर्वीच मंजुरी दिलेली आहे. तलावात मासे नसल्यामुळे तो काढण्यास कोणतीही अडचण नाही. काम पावसाळ्यापूर्वी पूर्ण करण्यात येईल. चार. विलंबाचे कारण: या काळात खात्यातील कोणीही तलाव पाहिला नाही."

विरोधी बाकांवरचे आठदहा जण ओरडायला म्हणून अर्धे उठले होते. पण ओरडायचं कशाविरुद्ध, हे न सुचल्यामुळे ते हळूहळू खाली बसले. अध्यक्षांनी आमदार बाईंना विचारलं, "पुरवणी प्रश्न?"

बाईंनी चळत चाळली. एक कागद काढला, ठेवला. दुसरा काढला, ठेवला. सगळे प्रश्न "हे खरे नाही" गृहीत धरून तयार केलेले. शेवटी त्या गाळाची पिशवी छातीशी धरून म्हणाल्या, "अध्यक्षमहाराज, मला काही विचारायचं नाही," आणि बसल्या.

अठ्ठावीस वर्षांचा विक्रम शाबूत राहिला होता. दादा मला हळूच म्हणाला, "म्हणजे मी सुटलो का?" मी म्हटलं, "पूर्णतः."

मंत्री सभागृहात जे "करण्यात येईल" म्हणून वाचतात ते आश्वासन ठरतं, आणि ते पुरं होईपर्यंत एक समिती खात्याचा पिच्छा सोडत नाही. भावजींच्या आयुष्यातली निम्मी उत्तरं असं आश्वासन चुकूनही दिलं जाऊ नये म्हणून लिहिलेली होती. या वेळी त्यांनी ते मुद्दाम घातलं होतं.

खात्यात अर्थातच गहजब झाला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी मंत्र्यांच्या स्पष्टवक्तेपणाची तारीफ केली, त्यामुळे मंत्र्यांना रागावता येईना. मग साहेबांनी ठरवलं की निदान भावजींना कारणे दाखवा नोटीस द्यावी. त्यांनी ती तीनदा लिहायला घेतली. "आपण वस्तुस्थिती जशीच्या तशी लिहिली" याच्यापुढे त्यांना शब्द सुचेना. खात्यात असलं अवघड लिहिणारा माणूस एकच. शेवटी साहेबांनी भावजींनाच बोलावलं आणि खुर्ची पुढे करून म्हणाले, "तुम्हीच जरा मसुदा करून द्या ना."

भावजींनी तिथेच बसून स्वतःविरुद्धची नोटीस लिहून दिली. टायपिस्ट म्हणते, इतकी कडक नोटीस खात्यात आजवर निघाली नव्हती. संध्याकाळी त्यांनी उत्तरही दिलं. "(१) हे खरे आहे. (२) प्रश्न उद्भवत नाही." साहेबांनी दोन्ही कागद एका फाईलीत घातले आणि फाईल कपाटाच्या मागे टाकली.

फ्रिजवरच्या कागदाखाली, "किती दिवसांत?" याच्या पुढे भावजींनी पेन्सिलीने लिहिलं, "आठ." ताईने कागद काढून घडी घालून आपल्या कपाटात ठेवला आणि त्यांच्यासमोर चहा ठेवला. तो त्यांनी पूर्ण प्यायला.

पावसाळ्याआधी यंत्रं आली, गाळ निघाला. समितीने दर आठवड्याला पत्र पाठवून खात्याच्या नाकी नऊ आणले होते. पावसात तळं भरलं. मत्स्यबीजाचा टँकर आला तेव्हा भावजी निवृत्त झालेले होते, तरी पहिल्या बसने जाऊन ते काठावर उभे राहिले. या वेळी बूट काढून. टँकर रिकामा होईपर्यंत ते जागचे हलले नाहीत आणि ड्रायव्हरला पुलाकडे बघूसुद्धा दिलं नाही.

त्यानंतर पुढचं वर्ष निम्मं उलटलं असेल. एका शनिवारी दुपारी बसचा कंडक्टर माझ्या दुकानात आला आणि मशीनवर तो अल्युमिनियमचा डबा ठेवून गेला. मी शिलाई तशीच सोडून वर धावले. भावजींनी डबा घेतला, झाकण उघडलं, ओलं फडकं बाजूला केलं. आत वीतभर लांबीचे तीन मासे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, आणि परत काढला.

जेवताना ताई त्यांच्यासमोर बसली होती. पदराने तोंड झाकून ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "सदर मासा तलाव क्रमांक एकशे सतरामधील आहे, हे खरे आहे काय?"

भावजींनी तोंडातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "हे खरे आहे," ते म्हणाले.

त्यावर पुरवणी प्रश्न आला नाही. ताईने दुसरा मासाही त्यांच्याच ताटात वाढला.